गोल बसण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही तपासता येईल. तुम्ही ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बाहेर एका एज्ड केअर केंद्रात, म्हणजे वृद्धांची काळजी घेणाऱ्या केंद्रात, टीम लीडर आहात. टीममध्ये केरळ, नेपाळ, फिलिपिन्स इथून आलेले लोक आहेत, इथलेच गोरे आहेत आणि इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक अ‍ॅबोरिजिनल सहकारी आहे. तिची मावशी वारली, म्हणून ती आठवडाभर गावी गेली. परत आल्यावर सकाळी शिफ्ट बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये एक सीनियर केअरर सगळ्यांसमोर म्हणाली, "वर्षभरातली ही कितवी मावशी?" दोघं-तिघं हसले. तुम्ही तिथेच होता, पण औषधांची फेरी सुरू व्हायची होती म्हणून काही बोलला नाहीत. मग टीममध्ये दोन तट पडले आणि एचआरने सांगितलं की रिस्टोरेटिव्ह पद्धतीने, म्हणजे शिक्षेऐवजी झालेलं नुकसान बोलून भरून काढत, 'यार्निंग सर्कल' (गोल बसून गप्पांतून बोलणं) घेऊन मिटवा. तुम्ही वाचून तयारी केलीत. खुर्च्या गोल मांडल्या, डिजरिडूचं संगीत लावलं, एक काठी हातोहात फिरवली, जिच्या हातात काठी तिनेच बोलायचं. बोलणारीने सॉरी म्हटलं. सहकारी "ऑल गुड" म्हणाली. चाळीस मिनिटांत उरकलं. आणि पुढच्या तीन आठवड्यांत तिने निम्म्या शिफ्ट सोडून दिल्या. तुमचा प्रश्न असा, की सर्कलमध्ये काय चुकलं आणि ते पुन्हा कसं घ्यावं.

मी वीसहून जास्त वर्षं व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, हेच काम करते आहे. सुरुवातीला बालन्यायालयाच्या ग्रुप कॉन्फरन्सिंगमध्ये होते. तिथे गुन्हा केलेला मुलगा, त्याच्या घरचे, ज्याचं नुकसान झालं तो माणूस आणि पोलीस असे सगळे शिक्षा ठरण्याआधी एका खोलीत बसतात. नंतर रुग्णालयं, शाळा आणि तुमच्यासारखी केंद्रं यांत काम करू लागले. मी अ‍ॅबोरिजिनल नाही. त्यांच्याबद्दल खाली जे लिहिते ते पाहून, विचारून आणि बऱ्याचदा चुकून शिकलेलं आहे. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही. तुमची सहकारी कोणत्या समाजाची आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बहुधा ते तुम्हाला ठाऊक नसावं. वसाहत झाली तेव्हा या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा होत्या. ती योर्टा योर्टा असेल, गुन्डिट्जमारा असेल, किंवा दूर क्वीन्सलंडकडची असेल. 'अ‍ॅबोरिजिनल पद्धतीने' असं आपण म्हणतो तेव्हा युरोपातल्या सगळ्या देशांची मिळून एक पद्धत आहे असं म्हणण्यासारखंच ते असतं.

आता मूळ गोष्ट. मला वाटतं, प्रश्न सर्कलचा नाही. त्या सकाळी त्या खोलीतल्या घटनेत दोन नाही, तीन माणसं होती. जी बोलली ती, जिला बोललं गेलं ती, आणि तुम्ही. टीम लीडर गप्प राहिला की त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ खोलीतला प्रत्येक जण लावतो, आणि जिला लागलंय ती सगळ्यात आधी लावते. 'याला हे चालतं.' मग आठवड्याभराने तोच माणूस त्रयस्थाच्या खुर्चीत बसतो आणि म्हणतो, इथे सगळ्यांनी मोकळेपणाने बोला. ती काय बोलणार? तुमच्याबद्दल तिला काही म्हणायचं असेल, तर ते म्हणायची जागाच त्या वर्तुळात नव्हती. हे वाचून तुम्हाला बोचेल याची मला कल्पना आहे. पण तुम्ही स्वतःहून लिहिलंत की मी काही बोललो नाही. ते लिहिलं नसतं तर मला हे कळलंच नसतं. त्या एका वाक्यावरूनच मला वाटतं की यातून काहीतरी चांगलं निघेल.

दुसरी गोष्ट त्या मावशीची. इथे थोडं थांबू या, कारण लागलंय कुठे हे कळल्याशिवाय भरून काय काढायचं ते कळत नाही.

फेअर वर्क या इथल्या कामगार कायद्याप्रमाणे जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर २ दिवसांची रजा मिळते. जवळचं माणूस म्हणजे मुख्यतः नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं, किंवा एकाच घरात राहणारं कोणी. या यादीत मावशी नाही. पण अनेक अ‍ॅबोरिजिनल समाजांत आईच्या बहिणीही आईच असतात, शब्दानेही आणि कर्तव्यानेही. तिच्या अंत्यविधीला न जाणं हा नुसता हळवेपणाचा प्रश्न नसतो, ती जबाबदारी टाळल्यासारखं होतं आणि समाजात त्याचा जाब द्यावा लागतो. या सगळ्याला ते 'सॉरी बिझनेस' म्हणतात, आणि तो दोन दिवसांत संपत नाही. आपल्याला हे समजणं जड जाऊ नये. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणारी भाषा आपली आहे.

शिवाय 'कितवी मावशी' या प्रश्नाचं एक खरं उत्तर आहे. या देशाच्या सांख्यिकी खात्याच्या २०२०-२२ च्या आकड्यांनुसार अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर लोकांचं आयुर्मान बाकीच्यांपेक्षा ८ वर्षांहून अधिक कमी आहे. नात्यांचं जाळं मोठं, आणि माणसं लवकर जातात. म्हणून अंत्यविधी खरोखरच जास्त असतात. तुमच्या केंद्रात ऐंशी-नव्वदीचे गोरे आजी-आजोबा आहेत, त्यांना ती रोज आंघोळ घालते, भरवते. तिच्या घरातली किती माणसं त्या वयापर्यंत पोचली असतील, याचा विचार हँडओव्हरमध्ये हसणाऱ्यांपैकी कोणी केला नव्हता. ते दुष्ट होते म्हणून नव्हे. त्यांना तो विचार करायला कोणी लावलंच नव्हतं.

आता तुमच्या तयारीबद्दल. हेतू चांगला होता, म्हणून स्पष्ट सांगते. डिजरिडू हे मुळात उत्तरेकडच्या लोकांचं वाद्य. अर्नहेम लँडमधले योल्ङु लोक त्याला यिडाकी म्हणतात. व्हिक्टोरियाच्या परंपरेत ते नाही. आणि बोलण्याची काठी फिरवण्याची रीत उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडून आलेली आहे. म्हणजे तिच्यासाठी म्हणून मांडलेल्या त्या खोलीत तिच्या ओळखीचं बहुधा काहीच नव्हतं, आणि सगळ्यांना मात्र वाटत होतं की हे तिचंच आहे. एखाद्या विदर्भातल्या बाईचं सांत्वन करायला भांगडा लावावा, तसं काहीसं. तुम्ही तिला विचारलं असतंत तर तिने कदाचित सांगितलं असतं, की संगीत नको, चहा घेऊन बाहेर झाडाखाली बसू.

रिस्टोरेटिव्ह पद्धत हीसुद्धा सरसकट 'अ‍ॅबोरिजिनल ज्ञान' नाही. हे प्रशिक्षणात बरेचदा एकत्र कालवून सांगतात, म्हणून वेगळं करते. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने तिथल्या मूळ माओरी लोकांच्या आग्रहातून फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स आली. तिच्यावरून १९९१ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या वागा वागा या गावी पोलिसांनी स्वतःची पद्धत बसवली. टेरी ओकॉनेल नावाच्या पोलीस सार्जंटने ती आकाराला आणली. काय झालं, त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं, नंतर काय वाटलं, कोणाकोणावर याचा परिणाम झाला आणि कसा, ते सावरायला काय करावं लागेल, असे साधे प्रश्न. मी आजही तेच वापरते. यात 'का केलंस' हा प्रश्न नाही, हे लक्षात घ्या. 'का' विचारलं की माणूस बचाव करू लागतो.

अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या सहभागाची न्यायालयं हा वेगळा प्रवाह. १९९९ मध्ये पोर्ट अ‍ॅडलेडला नुंगा कोर्ट सुरू झालं, आणि आपल्या राज्यात २००२ मध्ये शेपार्टनला पहिलं कूरी कोर्ट (नुंगा आणि कूरी ही तिथल्या आणि इथल्या मूळ रहिवाशांची स्वतःसाठीची नावं). मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा न्यायाधीश उंच आसनावर दिसेनात. ते एका लंबगोल टेबलाशी सगळ्यांबरोबर बसले होते. शेजारी समाजातले ज्येष्ठ, ज्यांना आदराने अंकल आणि आंटी म्हणतात. गुन्हा कबूल असेल आणि स्वतःची तयारी असेल तरच तिथे जाता येतं, आणि शिक्षा शेवटी न्यायाधीशच ठरवतात. त्यामुळे ही काही सौम्य गंमत नव्हे. एक आंटी त्या तरुणाला म्हणाल्या की तुझ्या आजीला मी ओळखत होते, आणि मग त्या आजीबद्दलच बोलत राहिल्या. गुन्ह्याबद्दल फारसं नाहीच. तो मुलगा आधी टेबलाकडे बघत होता, मग रडू लागला. न्यायाधीशाने झापलं असतं तर हे झालं नसतं. ज्याच्याशी नातं आहे त्याच्याच शब्दाला वजन असतं, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

तुमच्या वर्तुळात तिच्याशी असं नातं असलेलं कोणी होतं का? तिची एकटीची खुर्ची आणि समोर अकरा माणसं, असंच ते असणार.

आता 'यार्निंग'. हा शब्द हल्ली प्रत्येक कार्यालयात ऐकू येतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'खुर्च्या गोल मांडून घेतलेली मीटिंग' इतकाच उरतो. डॉन बेसारब आणि ब्रिजेट एन्गान्डु या दोघींनी २०१० मध्ये संशोधनातल्या यार्निंगबद्दल लिहिताना त्याचे प्रकार सांगितले. त्यातला पहिला आहे नुसत्या गप्पांचा, विषयावर येण्याआधीचा. तू कुठली, तुझी माणसं कोण, अमक्याला ओळखतेस का. आपल्याकडे प्रवासात शेजारचा माणूस 'गाव कोणतं, आडनाव काय' विचारून धागा शोधतो, तसंच हे दिसतं. पण आपल्याकडच्या त्या प्रश्नामागे पुष्कळदा जात जोखणं असतं, आणि इथे शोध असतो एकमेकांवरच्या जबाबदारीचा. तू माझी कोण लागतेस, म्हणजे मी तुझ्याशी कसं वागायचं. हे घडल्याशिवाय मुद्द्यावर येणं उद्धटपणाचं ठरतं. चाळीस मिनिटांच्या मीटिंगमध्ये ते बसणार कुठे?

मी स्वतः यात वाईट चुकले आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. पंधरा वर्षांचा एक कूरी मुलगा होता, त्याने एका दुकानाचं कुलूप तोडलं होतं. कॉन्फरन्समध्ये मी विचारलं, तुला वाईट वाटतंय ना? हो. दुकानदाराला पत्र लिहिशील ना? हो. शनिवारी येऊन सफाई करशील? हो. सहा कलमी करार झाला आणि मी समाधानाने घरी गेले. त्याची आजी कोपऱ्यात बसून होती, तिने तोंड उघडलं नव्हतं. त्या सहांपैकी एकही गोष्ट झाली नाही. पुढच्या एका प्रकरणात माझ्याबरोबर बसलेल्या एका ज्येष्ठ आंटींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तुझ्या प्रश्नांतच असतात, मुलाने वेगळं काय म्हणावं?

नंतर कळलं की भाषाशास्त्रात यावर काम झालेलं आहे. डायना ईड्स यांनी दाखवून दिलं की पोलिसांच्या आणि वकिलांच्या प्रश्नांना अ‍ॅबोरिजिनल माणसं पुष्कळदा 'हो' म्हणतात, आणि त्या 'हो'चा अर्थ सहमती नसतो. समोरच्या बलवान माणसाशी वाद नको, हे लवकर संपू दे, असा तो 'हो' असतो. १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयाने 'अनुंगा' खटल्यात पोलिसांसाठी चौकशीचे नियम घालून दिले, त्यात हीच काळजी आहे: उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका, नुसत्या 'हो'वर विसंबू नका. तुमच्या सहकारीचं 'ऑल गुड' मला त्याच जातीचं वाटतं. साहेबासमोर 'हो सर, हो सर' म्हणत मोठे झालेल्या आपल्या लोकांना हा 'हो' चांगला ओळखता यायला हवा. तरी खुर्ची बदलली की आपणही तो खरा मानतो.

आणि शांतता. आपण गप्प बसणाऱ्याकडे दोन सेकंद बघतो आणि पुढच्याला बोलायला सांगतो. उत्तरेकडच्या डेली नदीकाठच्या नाउइयु इथल्या मिरियम-रोझ उंगुन्मेर-बाउमन यांनी १९८८ मध्ये आपल्या लोकांच्या 'दादिरी' या संकल्पनेबद्दल जगाला सांगितलं. खोलवर, स्थिर होऊन ऐकणं, वाट पाहणं, घाई न करणं. त्या शिक्षिका आणि चित्रकार, २०२१ च्या ज्येष्ठ ऑस्ट्रेलियन म्हणून त्यांचा गौरव झाला. ही आमच्या लोकांची देणगी आहे, बाकीच्या ऑस्ट्रेलियानेही ती घ्यावी, असं त्यांनी स्वतः म्हटलंय, म्हणून त्यातून शिकायला संकोच वाटू देऊ नका. फक्त मीटिंगच्या अजेंड्यावर 'दादिरी, ५ मिनिटं' असं लिहू नका. मी काय करते ते सांगते. प्रश्न विचारला की मनात काहीही न रचता थांबते. पाठोपाठ दुसरा प्रश्न टाकत नाही. समोरचा माणूस खिडकीबाहेर बघत असेल तर मीही बघते. पहिल्यांदा तीस सेकंदसुद्धा असह्य वाटतील. कुलूप तोडणाऱ्या त्या मुलाच्या आजीला मी पुढे वर्षभराने पुन्हा भेटले, तिच्या अंगणात, समोर नव्हे, तिच्या शेजारी बसून. तिने माझ्या आजीबद्दल विचारलं. मी साताऱ्याकडच्या आमच्या घराबद्दल, तिच्या चुलीबद्दल बोलले. अर्धा तास नातवाचा विषयच नव्हता. मग ती बोलू लागली आणि मला कळलं की ज्या शनिवारी मी त्याला सफाईला बोलावलं होतं, त्याच दिवशी तो दर आठवड्याला डायलिसिसवरच्या मामाला घेऊन जात असे. कॉन्फरन्सच्या दिवशी हे सांगायची सोयच मी ठेवली नव्हती.

इथवरचं दोन ओळींत: तुम्ही या घटनेतले एक आहात, म्हणून सर्कल तुम्ही चालवायचं नाही. आणि सर्कलच्या आधीचं बोलणं, एकेकट्याशी, वेळ घेऊन, हेच खरं काम आहे. माझ्या कामात तीन चतुर्थांश वेळ त्यातच जातो.

तुम्ही जाता जाता विचारलंत की लीडरशिपच्या प्रशिक्षणात 'जनरेटिव्ह संवाद' म्हणतात तो हाच का. नाव वेगळं, पण नातं आहे. एमआयटीतले ऑटो शार्मर ऐकण्याचे चार थर सांगतात. पहिल्यात माणूस आपल्याला माहीत असलेलंच ऐकतो. दुसऱ्यात नवी माहिती कानावर घेतो. तिसऱ्यात समोरच्याच्या जागी उभं राहून ऐकतो. आणि चौथ्यात दोघांच्याही मनात आधी नसलेलं काहीतरी बोलता बोलता जन्माला येतं. तुमचं सर्कल पहिल्या थरावर राहिलं. 'सॉरी' आणि 'ऑल गुड' ही दोन्ही वाक्यं सगळ्यांना आधीच पाठ होती. पण या कल्पनेसाठी मला स्वतःला योल्ङु लोकांचा 'गान्मा' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे मिळतं तिथे फेस येतो. अर्नहेम लँडमधल्या यिर्कालाच्या शाळेत मान्डावुय युनुपिङु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ज्ञानपरंपरा शेजारी ठेवून शिकवण्यासाठी हीच उपमा धरली. खारं पाणी गोड्याला गिळत नाही, आणि फेस एकट्या कोणाचाच नसतो. कोकणातल्या कुठल्याही खाडीच्या तोंडाशी उभं राहिलेल्याला हे चित्र समजावून सांगायला नको.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते एका रुग्णालयातल्या वॉर्डमधलं सांगते, ओळखीच्या खुणा बदलून. तिथेही अंत्यविधीच्या रजांवरून एका अ‍ॅबोरिजिनल कर्मचाऱ्याला दोन लेखी समज मिळाल्या होत्या. मी पाच आठवडे एकेकाशी बोलले, मग बसलो. त्याच्याबरोबर त्याची आंटी आली होती. वॉर्डच्या मॅनेजरने सगळ्यांत आधी स्वतःबद्दल सांगितलं, की समजपत्रावर सही करताना मी तुला फोनसुद्धा केला नाही. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मग रोस्टर, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, लावणारी बाई म्हणाली की तू अचानक गेलास की रात्री दहाला वीस फोन मी करते, आणि मला कोणी विचारत नाही, म्हणून मी तुझ्यावर चिडत होते. हे त्याला माहीत नव्हतं. त्यानंतर कोपऱ्यातली फिलिपिनो नर्स हळूच म्हणाली, माझे वडील गेले तेव्हा आमच्याकडची नऊ दिवसांची प्रार्थना मी ब्रेकमध्ये लिनेनच्या खोलीत मोबाईलवर केली. नेपाळी मुलगा म्हणाला, आमचे तेरा दिवस. मी तिथे त्रयस्थ होते, काही बोलले नाही, पण मला पुण्यातला माझ्या वडिलांचा दहावा आठवला, जो मी स्काइपवर पाहिला होता.

त्या खोलीत कोणीही हे बोलायला आलं नव्हतं. त्यातून जे निघालं ते असं: रजेच्या अर्जातला 'मृताशी नातं' हा रकाना त्या वॉर्डपुरता काढून टाकला, आणि कोणाच्या घरी मृत्यू झाला तर शिफ्ट बदलून घ्यायला तयार असलेल्यांची यादी रोस्टरच्या बाईच्या टेबलावर लागली. आता वीस फोन करावे लागत नाहीत. यादीत पहिलं नाव त्या कर्मचाऱ्याने स्वतःचं लिहिलं. याला मी जनरेटिव्ह म्हणते. माफी त्यात होती, पण ती छोटीशी होती आणि तिच्यावर कोणी अडून बसलं नव्हतं.

एक इशारा, आणि तो आपल्या लोकांना विशेष. काही जण म्हणतील, हे तर आपल्या तंटामुक्त गावासारखं झालं. २००७ मध्ये महाराष्ट्रात ती मोहीम सुरू झाली तेव्हा भांडण गावातच सामोपचाराने मिटावं हा विचार चांगलाच होता. पण गोल बसलेल्या माणसांत एक बाजू बलवान असेल तर समेटाची मांडवली व्हायला वेळ लागत नाही. जातपंचायतींनी गोल बसूनच माणसांना वाळीत टाकलं, म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा करावा लागला. वर्तुळ आपोआप न्यायी होत नाही. दुर्बल माणसाला 'नको' म्हणता येतं का, आणि 'नको' म्हटल्यावर तिचं काही बिघडत नाही ना, यावरून मी वर्तुळ पारखते.

म्हणून आता तुम्ही काय करावं हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या मला इथून दिसत नाहीत. ती टिप्पणी पहिलीच होती की वर्षभर चाललेल्या टोमण्यांतली एक? तसं असेल तर हा वंशभेदी छळाचा मामला आहे आणि रीतसर तक्रारीचा मार्ग तिच्यासाठी उघडा आहे, हे तिला लेखी कळायला हवं. सर्कल हा त्या तक्रारीला पर्याय म्हणून पुढे करू नका, एचआरने सुचवलं तरी. शिफ्ट तिने या प्रसंगामुळेच सोडल्या की घरी अजून सॉरी बिझनेस चालू आहे? विचारल्याशिवाय कळणार नाही. तुमच्या संस्थेत अ‍ॅबोरिजिनल संपर्क अधिकारी आहे का? नसेल तर जवळच्या अ‍ॅबोरिजिनल सहकारी संस्थेकडे विचारता येतं, पण त्यांच्या वेळेचे पैसे द्यायची तयारी ठेवून. ज्येष्ठांनी फुकट येऊन आपल्याला शिकवावं ही अपेक्षा इथे सर्रास असते, ती चुकीची आहे.

पण एक गोष्ट कशावरही अवलंबून नाही. तुम्ही तिच्याकडे जा. ऑफिसमध्ये बोलावू नका. शिफ्ट संपताना विचारा की दहा मिनिटं आहेत का, आणि नसतील तर कधी. बरोबर कोणी हवं असेल तर आण म्हणा. मग सांगा: त्या सकाळी मी तिथे होतो, मी ऐकलं, मी गप्प राहिलो, ती माझी चूक होती. नंतर सर्कलमध्ये तुला सगळ्यांसमोर बसवलं, तेही न विचारता. औषधांच्या फेरीचं कारण सांगू नका, ते खरं असलं तरी. 'मला माफ कर' असंही म्हणू नका, कारण मग तुम्हाला बरं वाटावं ही जबाबदारी तिच्यावर पडते. 'मला वाईट वाटतं' पुरे. तिच्या मावशीचं नाव विचारू नका. अनेक समाजांत गेलेल्या माणसाचं नाव काही काळ घेत नाहीत. 'तुझ्या मावशीबद्दल ऐकून वाईट वाटलं' इतकंच. आणि थांबा. ती काही बोलली नाही तरी चालेल.

टिप्पणी करणाऱ्या बाईशीही वेगळं बसा. तिला झापून उपयोग नाही. माणसाला शरम वाटली की तो एकतर स्वतःला कोसतो, नाहीतर दुसऱ्यावर धावून जातो, किंवा लपतो. तिला वर दिलेले प्रश्न विचारा आणि रोस्टरच्या बाईसारखं काही तिच्याही मनात आहे का ते ऐका. रिकाम्या शिफ्ट कोण भरत होतं?

महिन्या-दोन महिन्यांनी तुमची सहकारी म्हणाली की बसू या, तर बसा, दुसऱ्या कोणी चालवलेल्या वर्तुळात, आणि पहिलं बोलणं तुमचं असू द्या. ती नको म्हणाली तर बसू नका. तरी रजेच्या अर्जाचं काम तुम्हाला करताच येईल. एज्ड केअरच्या अवॉर्डमध्ये, म्हणजे या क्षेत्रातल्या कामाच्या अटींच्या कायदेशीर दस्तऐवजात, अ‍ॅबोरिजिनल कर्मचाऱ्यांना विधींसाठी वर्षाला १० दिवसांपर्यंत बिनपगारी रजेची तरतूद आहे, मालकाच्या मंजुरीने. तुमच्या केंद्रात ती कोणाला माहीत आहे का ते बघा. सोमवारी एचआरकडे जाल तेव्हा सर्कलच्या तारखेऐवजी तो कागद घेऊन जा.